रडारवरचा गेटपास

जिथे काही घडत नाही तिथलेच किस्से जास्त साठतात, हे मला पेठकडच्या डोंगरावर कळलं. नव्वदच्या दशकात तिथलं रडार स्टेशन बंद झालं. यंत्रं ट्रकांत भरून गेली. उरल्या रिकाम्या बराकी, काटेरी तार आणि आम्ही तीन चौकीदार: मी पंचवटीचा, आमचे वरिष्ठ निवृत्त सुभेदारसाहेब आणि खालच्या पाड्यावरचा सोमा. रडार नव्हतं, पण नियम सगळे होते! गेटपास, रजिस्टर, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ.

* * *

सोमाच्या बापाचं, लहानूबाबांचं, नागलीचं वावर तारेच्या आत होतं. ‘काम संपलं की परत देऊ,’ असं त्यांना सांगितलेलं. काम संपलं, वावर तारेतच राहिलं.

मी सोमाला विचारलं, “मग इथेच नोकरी का धरलीस?”

“आपल्याच वावरात उभं राहाया पगार भेटतो. दुसरीकडं कोण देईल?”

* * *

दर महिन्याला लहानूबाबा गेटवर यायचे. “रडार गेलं ना?”

“गेलं, बाबा. पण ऑर्डर नाही आली,” सुभेदारसाहेब म्हणायचे.

एकदा म्हातारा भडकला. “तुमाला लय लांबचं इमान दिसत व्हतं, अन् हे समोरचं वावर दिसत नाय?”

 

* * *

वाघदेवाचा दगडही आतच होता. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या पूजेला, लहानूबाबा नारळ घेऊन आले.

“कोणाला भेटायचंय?” सुभेदारसाहेबांनी पास भरायला घेतला.

“वाघदेवाला.”

तेही लिहिलं! वर बजावलं, “ज्याला भेटाल त्याची सही पासवर हवी.” बाबा तासाभराने परतले. पासवर, सहीच्या जागी, शेंदराचा लालभडक डाग.

सुभेदारसाहेबांनी तो निरखून पाहिला आणि गुपचूप फाईलला लावला.

* * *

शेवटी आम्हीच बाबांचा अर्ज वर पाठवला. दीड वर्षाने उत्तर आलं: ‘अशा नावाचं स्टेशन आमच्या यादीत नाही. सबब जमीन परत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

त्याच टपालात, त्याच ऑफिसातून, आम्हाला गेटपासची नवी पुस्तकं आली होती!

सोमाने उत्तर बापाला वाचून दाखवलं नाही. “अजून आलं नाय,” एवढंच सांगितलं.

* * *

बाबा गेले तेव्हा सोमा ड्यूटीवर होता. ‘मला माज्या वावरात न्या,’ एवढंच ते शेवटी बोलले होते. पाड्यावरची माणसं त्यांना घेऊन थेट गेटवर आली.

मी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “नियमाने एंट्री कर, सोमा.”

सोमाने खांदेकऱ्यांची नावं लिहिली. मग बापाचं लिहिलं, आत गेल्याची वेळ टाकली आणि गेट उघडलं. वावराच्या बांधाशी बाबांना माती दिली. परतताना त्याने सगळ्यांच्या बाहेर पडल्याच्या वेळा भरल्या. एकाची राहिली.

पुढे दोन-तीन वर्षांनी तपासणीला एक नवे साहेब आले. रजिस्टर चाळता चाळता थांबले.

“हा कोण लहानू? आत गेलाय, बाहेर पडल्याची नोंद नाही! ड्यूटीवर कोण होतं?”

सोमा सावधानमध्ये उभा राहिला. “मी, साहेब.”

“मग हा माणूस आत्ता आहे कुठे?”

“वावरात हाय, साहेब.”