वळचणीकडून वर

आखातातल्या अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलगी शाळेसाठी जुन्या इंग्रजी शेतघराची प्रतिकृती करीत होती. लाकडी चौकटीत पांढऱ्या भिंती बसल्या होत्या आणि आता गवती छप्पर उरले होते. खजुराच्या झावळ्यांचे तुकडे ती आढ्यापासून खाली चिकटवू लागली, तेव्हा मला राहवले नाही.

"वळचणीकडून वर जा," मी म्हणालो. "वरचा थर खालच्यावर आला नाही, तर पाणी आत येतं."

"बाबा, इथे पाऊस कुठे पडतो? आणि तुला कसं माहीत?"

कोकणातले आमचे घर गवताने शाकारलेले होते, हे मी संकोचाने तिला कधीच सांगितले नव्हते. आज सांगितले.

तिने चिकटवलेले सगळे तुकडे सोडवले. "मग पहिली ओळ तूच लाव."