टीव्हीवर विकलेला घोडा

गजाकाकांच्या दुकानात एखादी वस्तू उचलून "ही कुणाची होती हो?" असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळायचं. "ठाव नाय." बोईसर-तारापूर रस्त्यावर त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. डहाणूकडचे बंगले रिकामे झाले की तिथली घड्याळं, आरसे, पितळी दिवे, बंद पडलेल्या कारखान्यांतली लाकडी टेबलं असं काहीबाही तिथे येऊन पडे. केळव्याला फिरायला आलेली मुंबईची माणसं वाट वाकडी करून दुकानात डोकावत. त्यांना वस्तूइतकीच तिची गोष्टही हवी असायची. दुसऱ्या एखाद्याने साध्या कंदिलाला किल्ल्यातला करून टाकलं असतं, पण काका माहीत असेल तेवढंच सांगत. "वस्तू मुकी हाय, बाय," ते मला म्हणायचे, "तिच्या तोंडात आपण कशाला काय घालायचं?"

मी त्यांची भाडेकरू. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून साताऱ्याहून इथे आले, आणि दुकानामागच्या त्यांच्या घरातली एक खोली मला मिळाली. घरात काका आणि सुमनकाकू, दोघंच. मूळचे केळव्याचे. वाडीतली नारळ-सुपारी थोरल्या भावावर सोपवून काका तरुणपणीच इकडे आले होते. आल्या आल्या मी सहज विचारलं होतं, "काकू, मुलं कुठे असतात?" काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमाला मूल नाय." काका चहाचा कप तसाच ठेवून दुकानात निघून गेले. त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

टीव्हीवर तेव्हा एक कार्यक्रम लागायचा. दोन मित्र गाडी घेऊन गावोगाव फिरतात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोदामात जुन्या वस्तू शोधतात, घासाघीस करतात, विकत घेतात. काका तो भक्तिभावाने बघत. एका भागात एक म्हातारी नवऱ्याचा पानाचा डबा विकताना रडली, तेव्हा काकांचेही डोळे भरून आले होते. "जीव लागतो गं वस्तूत," म्हणाले. त्यामुळे त्या कार्यक्रमाच्या लोकांचा दुकानात चित्रीकरण करायचं म्हणून फोन आला, तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले. नवा सदरा शिवून घेतला.

चित्रीकरणाच्या दिवशी मला सुट्टी होती. काकू एका नातेवाइकाकडे बारशाला केळव्याला गेल्या होत्या. सकाळीच दोन टेम्पो आले आणि दुकानातल्या निम्म्या वस्तू बाहेर काढून ताडपत्रीखाली गेल्या. त्यांच्या जागी मुंबईहून आणलेल्या वस्तू लागल्या. काका रोज सकाळी एकेक वस्तू फडक्याने पुसून ठेवत. एक पोरगेलासा कामगार पिशवीतून माती काढून त्यांवर उडवू लागला. "और मारो, और मारो, चमक रहा है," मागून कुणीतरी ओरडत होतं. डब्यातून फवारून कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टकंसुद्धा तयार झाली. काका फडकं हातात धरून एका बाजूला उभे होते. जे दोन मित्र या रस्त्याने जाता जाता 'अचानक' दुकान बघून थांबणार होते, ते तासाभरापासून गाडीत बसून मोबाइल बघत होते. कोण किती मागणार आणि सौदा कुठे तुटणार, हे आधीच ठरलेलं होतं.

मंदार नावाचा दिग्दर्शक होता. तरुण, लाघवी मुलगा. त्याने खोक्यातून एक लाकडी घोडा काढला. लहान मुलाने वर बसून डोलायचा, रंग उडालेला, एक कान तुटलेला.

"कुणाचा हा?" काकांनी विचारलं.

"तुमचाच, काका. म्हणजे तुमच्या मुलाचा. मुलगा समुद्रात बुडाला, आणि आज इतक्या वर्षांनी तुम्ही त्याचा घोडा विकताय."

"मला मूल नाय."

"टीव्हीपुरतं हो."

"नाय जमणार. दुसरं कायपण सांगा."

मंदारने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, सगळे असंच करतात. ती पानाचा डबा विकणारी आजी आठवते? तो डबासुद्धा आम्हीच नेला होता."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "ती रडली ते?"

"मस्त रडली ना?"

दिवे लागले होते. सगळा ताफा खोळंबला होता. काका खुर्चीत बसले. मला वाटतं, नाही म्हणण्याची त्यांची ताकद त्या डब्यापाशीच संपली होती. पहिल्यांदा त्यांनी पढवलेली वाक्यं कोरड्या आवाजात म्हटली. दुसऱ्यांदा अडखळले. "मुलाचं नाव घ्या काका, नावाने जिवंत वाटतं. कुठलंही घ्या," मंदार म्हणाला. तिसऱ्या वेळी काकांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "नंदूचा हाय हा. आमचा नंदू. केळव्याला गेला दर्यावर, तो परत आलाच नाय." आणि ते रडायलाच लागले. घेणारे ते दोन मित्रही क्षणभर आपली वाक्यं विसरले. मग टाळ्या पडल्या.

"कमाल केलीत! तुम्ही नटच व्हायला हवं होतं," मंदार म्हणाला. संध्याकाळी सामान भरताना घोडा टीव्हीवाल्यांनी मागेच ठेवला. त्यांचं काम झालं होतं. "फक्त दुकानात दिसू देऊ नका हं काका. तुम्ही तो विकलाय ना!"

म्हणून तो घरात आला, माजघराच्या खिडकीखाली. काकूंनी परतल्यावर विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "टीव्हीवाले इसरून गेले." खिडकीतून वारा आला की घोडा आपोआप डोलायचा. भर दुपारी जेवताना काका मध्येच थांबून त्याच्याकडे बघत. एकदा मला हळूच म्हणाले, "पयल्यांदा खोटं बोललो, बाय. शेवटी रडलो ते खोटं नवतं. मंग मी रडलो कुणासाठी?"

तो भाग लागला त्या दिवशी आळीतली माणसं घरात जमली होती. काकांनी टीव्ही बिघडलाय असं सांगून बघितलं, पण कुणी ऐकलं नाही. पडद्यावर काका घोड्याच्या मानेवर हात ठेवून बोलू लागले, तसं घर चिडीचूप झालं. जमलेल्यांना माहीत होतं की यांना मूल नाही. कुणी कुणाकडे बघेना. एकेक जण उठून गेला.

काकू उठल्या नाहीत. जाहिराती लागल्यावर म्हणाल्या, "नंदू नाव ठेवलेलं तुमी?"

काकांनी मान खाली घातली.

"मला नाय सांगितलंत कधी."

"तू इचारलं नाय."

"मी इचारायचं?" काकूंचा आवाज चढला नाही. "साऱ्या दुनियेला सांगितलंत. माझ्याआधी. आन् सांगितलंत ते पण त्याला बुडवून."

ती गोष्ट मला पुढे काकूंनीच सांगितली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत त्यांना दिवस गेले होते. पालघरला इस्पितळात नेलं. मुलगा झाला, पण रडला नाही. काकूंना तो दाखवलासुद्धा नाही. काका आणि त्यांचे थोरले भाऊ कापडात गुंडाळून त्याला केळव्याला घेऊन गेले आणि वाडीच्या कडेला, दर्याकडच्या बाजूला पुरून आले. त्या दिवसापासून नवराबायकोत त्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. मूल पोटात असताना काकांनी त्याचं नाव मनाशी ठरवून ठेवलं होतं, हे काकूंना टीव्हीवरून कळलं.

कार्यक्रम बघून दुकानात माणसं येऊ लागली. काही नुसतं बघायला, काही कीव करायला. काका खाली मान घालून बसत. मग एक दिवस वसईकडचं एक जोडपं आलं. त्यांचा मुलगा मित्रांबरोबर सहलीला आला होता आणि खरोखरच समुद्रात बुडाला होता. त्या बाईंनी काकांचा हात हातात घेतला. "दादा, आम्हाला वाटलं, तुम्हालाच कळेल," एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा दुकानाच्या मागच्या दारात उभी होते. काकूंनी चहा आणून ठेवला.

काका म्हणाले, "मला माफ करा. माजा पोर बुडाला नाय. त्या टीव्हीवाल्यांनी सांगायला लावलं, मी सांगितलं."

बाईंनी हात सोडवून घेतला. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कप न उचलताच उठल्या आणि रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. नवरा दारात थोडा घुटमळला. "मग रडलात कसे हो तुम्ही?" त्याने विचारलं. तो गेल्यावर काकांनी दुकानाचं शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही, आणि त्यानंतरही क्वचितच.

पुढच्या रविवारी काका काकूंना म्हणाले, "चल, तुला जागा दाखवतो." मलाही बरोबर घेतलं. थोरले भाऊ वारले होते, पुतण्यांनी वाडीचा दर्याकडचा तुकडा विकून टाकला होता, हे काकांना ठाऊक होतं. पण तिथे नेमकं काय झालंय ते त्यांनी जाऊन बघितलं नव्हतं. तिथे पाहुण्यांसाठी खोल्या उठल्या होत्या. फरशी, झोपाळे, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. काका सुरूच्या झाडांकडून चालत आले, थांबले, परत मागे गेले. "इथं एक उंडीचं झाड होतं," म्हणत राहिले. एका झोपाळ्यावर दोन मुलं खेळत होती. काकू त्या फरशीकडे बघत पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मग पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. काकांनीही काढल्या. तिथल्या माणसाने येऊन विचारलं, "खोली पाहिजे का?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलू लागली, हे मात्र खरं. मी कामावरून परते तेव्हा ओट्यावर बसलेली दिसत. असता तर केवढा असता, कुणावर गेला असता. "माझ्यावर गेला असता तर लवकर टक्कल पडलं असतं," असं काका म्हणालेले मी ऐकलं, आणि काकू हसल्याचंही. पण काका आतून खचले होते. रस्त्यावर वसईच्या बाईंसारखी कुणी दिसली की घरात शिरत. पाऊस संपता संपता छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचायच्या आत ते गेले.

दुकान आता मोबाइलवाल्याने घेतलंय. मी अजून त्याच खोलीत राहते. काकांचा तो भाग दुपारच्या वेळी अधूनमधून पुन्हा लागतो. पहिल्यांदा असा लागला, तेव्हा काकूंना त्रास नको म्हणून मी घाईघाईने टीव्ही बंद करायला गेले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "आता नाव घेतील."

पडद्यावर काका माती उडवलेल्या वस्तूंमध्ये बसले होते. ते दोन मित्र खोटं खोटं अवघडून उभे होते. काकू पदर सारखा करून पुढे सरकल्या. काका म्हणाले, "नंदूचा हाय हा. आमचा नंदू."

पुढचं वाक्य यायच्या आत काकूंनी टीव्ही बंद केला.