ईसीएम माझ्या टेबलावर होता

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं इथे लिहिणारे सगळेच म्हणतात. माझं जरा वेगळं आहे... माझा धंदाच विश्वासाचा नाही. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बावीस वर्षं झाली. वायरला मीटर लावायचा, करंट आला तर आला, नाही तर नाही. गाडीला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधून आलेल्या लोकांच्या गाड्या मी अर्थिंग साफ करून परत पाठवल्यात.

माझं गॅरेज ठाकुर्लीला. आजोबांची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहेत. उरलेल्या तुकड्यावर माझी शेड.

तर नव्वद फुटी रोडवरच्या एका सोसायटीत अनघा मॅडम राहतात. शाळेत शिकवतात. नवरा कामानिमित्त पुण्यात, घरी त्या आणि सासरे, अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर. गाडी बारा वर्षं जुनी, पांढरी, छोटी पेट्रोल गाडी. मॅडमची तक्रार अशी की चालता चालता बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत सुरू होते. एकदा घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये दोनदा बंद पडलेली. मग एका रविवारी पार्किंगमध्येच पडली ती पडलीच. मला बोलावलं.

मी स्कॅनर लावला. गाडी स्कॅनरशी बोलायलाच तयार नाही. बॅटरी बघितली, फ्यूज, रिले, अर्थिंग, सगळं ठीक. ईसीएमपर्यंत करंट जातोय, पण त्याच्याकडून सेन्सरला जो पाच व्होल्ट यायला हवा तो येतच नाही. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा. पेट्रोल कधी सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, सगळं तोच ठरवतो. तिथेच उघडून बघितला. आत पाणी जाऊन बोर्ड हिरवा पडलेला, दोन ठिकाणी जळालेला.

मॅडमना म्हटलं, "हा गेला. नवीन मागवावा लागेल, मग तुमच्या चावीशी कोडिंग करावं लागेल. तोपर्यंत गाडी हलणार नाही."

जुना डबा मी काढून गॅरेजवर घेऊन आलो. गाडीतली दोन मोकळी सॉकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने गुंडाळली आणि टेपवर मार्करने लिहिलं – हात लावू नये.

नवीन ईसीएम सोमवारी ठाण्याहून आला. मंगळवारी मॅडमचा फोन. "दादा, कधी बसवताय? अण्णांना घेऊन रिक्षाने फिरणं जमत नाही हो."

"उद्या नक्की. तुम्ही शाळेत असलात तरी येऊन करून जाईन. चावी वॉचमनकडे ठेवा."

बुधवारी मी गेलो नाही. भावकीत हळद होती. आमच्यात हळद म्हणजे रात्रभर नाचगाणं आणि खाणंपिणं, ते ठाणे-कल्याणवाल्यांना सांगायला नको. दुपारी नुसता तोंड दाखवायला गेलेलो, तो तिथेच राहिलो. मॅडमना फोनही केला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढच्याला अर्थ नाही.

गुरुवारी दुपारी दीडच्या सुमारास मी सामान भरत होतो. लॅपटॉप, नवीन ईसीएम, टूलकिट. जुना टेबलावर उघडा पडलेला, माझ्या समोर. आणि मॅडमचा फोन.

"दादा, थँक यू हं. गाडी एकदम व्यवस्थित चालली."

मला वाटलं टोमणा मारतायत.

"अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घामाने नुसते भिजलेले. ॲम्ब्युलन्सवाले पाऊण तास म्हणाले. मग आठवलं, तुम्ही काल येणार होतात. वॉचमनने अण्णांना धरून खाली आणलं, मी चावी फिरवली... आत्ता त्यांना आत घेतलंय. तुम्ही गाडी दुरुस्त केली नसतीत तर काय केलं असतं मी?"

कल्याण पश्चिमेच्या एका हॉस्पिटलचं नाव त्यांनी सांगितलं. मी फोन कानाला लावून टेबलाकडे बघत होतो.

"मॅडम, येतो मी," एवढंच म्हटलं.

बाइक काढली. पत्रीपुलावर येईपर्यंत मी हिशोब लावत होतो – दुसऱ्या कोणी मेकॅनिकने बसवला असेल. शेजाऱ्यांची गाडी घेतली असेल, घाबरल्या असतील म्हणून काहीतरी बोलल्या. काहीतरी असेलच.

गाडी हॉस्पिटलच्या पोर्चजवळ तिरकी उभी होती. तीच. तोच नंबर. सिक्युरिटीवाला माझ्यावरच वैतागला. "गाडी हटवा ना. मॅडम चावी देऊन वर गेल्या, माझ्याकडून चालू होत नाहीये."

बॉनेट उघडलं. गरम हवा तोंडावर आली. रेडिएटरच्या पाइपला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आणि खाली, ईसीएमच्या जागी, रिकामी पट्टी. बाजूला ती पिशवी. टेप जशीच्या तशी, रविवारपासूनची धूळ बसलेली, वर माझ्या अक्षरात – हात लावू नये.

मी तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसलो. सिक्युरिटीवाल्याने पाणी आणून दिलं.

मग चावी फिरवून बघितली. सेल्फ फिरला, घुर्रघुर्र झालं, इंजिन काही पकडेना. पकडणार कसं? ना पेट्रोल सुटत होतं, ना स्पार्क पडत होता. मला तेवढ्यानेच बरं वाटलं, खरं सांगतो. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं.

टेप मी स्वतः ब्लेडने कापली. नवीन ईसीएम लावला, लॅपटॉपवर कोडिंग केलं. गाडी सुरू करून पार्किंगमध्ये लावली आणि वर गेलो.

मॅडम कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसलेल्या. मला बघून उठल्या. "ब्लॉकेज निघालं, काढलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर..." माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी भिंतीला टेकलो. आदल्या दिवशी हळदीत बसून मी काय करून बसलो असतो, ते तेव्हा नीट कळलं.

मग मी सांगून टाकलं. "मॅडम, मी काल आलो नव्हतो. गाडीत ईसीएमच नव्हता. तो माझ्या टेबलावर होता."

मी बोलणी खायच्या तयारीत.

"पण दादा... पहिल्या सेल्फला लागली. पुलावर सिग्नलला थांबले तेव्हा अण्णांना गरम होत होतं म्हणून मी एसी वाढवला. डॅशबोर्डवरचा तो इंजिनचा पिवळा दिवासुद्धा लागला नव्हता."

"हो."

"आज मला काही समजावून सांगू नका," त्या म्हणाल्या आणि परत खुर्चीवर बसल्या.

नंतर मी शांत बसलो नाही. सोसायटीचा कॅमेरा बघितला. बारा चाळीसला गाडी गेटमधून बाहेर पडते, मॅडम चालवतायत, अण्णा बाजूला. ढकलत कोणी नाही, टोइंग नाही. वॉचमन म्हणाला, आवाज नेहमीसारखा होता. रविवारपासून गाडीजवळ कोणी फिरकलं नव्हतं. ठाण्यात ईसीएम रिपेअर करणारा माझा मित्र आहे, त्याने जुना बोर्ड बेंचवर लावला. मेलेला. म्हणाला, "हा गाडीत असता तरी चालली नसती." आणि तो तर गाडीतही नव्हता. टेप कापायच्या आधी काढलेले फोटो दाखवले तर म्हणतो, तू टेप नंतर लावलीस. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कोनाचा तरी भला झाला ना? मंग कशाला एवढा इचारतोस?" मी मात्र अजून विचारतोय. तुमच्यात कोणी इंजिनिअर असेल तर सांगा, मी सगळं ऐकून घेईन.

पाच दिवसांनी अण्णांना डिस्चार्ज मिळाला. मॅडमच्या हातात औषधं, फाइल, पिशव्या, म्हणून गाडी मी चालवायला गेलो. अण्णा व्हीलचेअरवरून उतरले, माझा हात धरला.

"तुमच्यामुळे वाचलो म्हणे मी."

"माझ्यामुळे नाही, अण्णा."

"मग कोणामुळे?"

मॅडम दुसरीकडे बघत होत्या. मी दार उघडून धरलं, ते सावकाश आत बसले, मी बेल्ट लावून दिला. मग पलीकडून येऊन चावी फिरवली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.

या वेळी ती का सुरू झाली, ते मला माहीत होतं.