नामावळीला उत्तर

फेना खोटं बोलत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे काय, ते लांबर्टला विचारायला हवं होतं.

हॉलंडच्या ट्वेन्टे भागातल्या त्या विणकरांच्या गावात प्रोटेस्टंटांचा पाववाला वेगळा, कॅथलिकांचा वेगळा. बकऱ्या पाळणाऱ्यांची मंडळंसुद्धा दोन, जणू बकऱ्यांनाही धर्म असतो. फेनाचा बाप प्रोटेस्टंट देवळाचा पंच, आणि लांबर्ट कापडगिरणीतला माग दुरुस्त करणारा कॅथलिक. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही देवळांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, की हे लग्न होता कामा नये. ते झालं. पाच वर्षांनी फेनाचं मूल जन्मताच गेलं, पुन्हा झालं नाही, आणि त्याचं कारण दोन्हीकडच्या लोकांना तोंडपाठ होतं.

घरात मात्र भांडण नव्हतं. जेवण झालं की फेना बायबलचा एक अध्याय मोठ्यानं वाचायची आणि लांबर्ट पाइप भरत निमूट ऐकायचा. त्याच्या संतांना तिनं घरात जागा दिली नव्हती. ते मागच्या शेडमध्ये असत. अंतोनीची मूर्ती खिळ्यांच्या डब्याशेजारी आणि योसेफची करवतीखाली.

"अगं, तू पाळकांना सांगतेस ना, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून?" तो म्हणायचा. "मी योसेफला सांगतो. तुझे पाळक देवळाशेजारी राहतात, माझा योसेफ देवाशेजारी. फरक तो एवढाच."

"पाळक जिवंत आहेत. त्यांना कान आहेत."

"योसेफ काय मेलाय? देवाकडे गेलेली माणसं जगतात, असं तूच वाचतेस."

"जगतात. पण हजार गावांतून हजार माणसं एका वेळी हाका मारतात आणि योसेफ सगळ्यांचं ऐकतो, तर मग तो देवच झाला की! आणि देव एवढा बहिरा आहे का रे, की त्याला आपलं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी जाऊन सांगावं? ख्रिस्तानं दार सताड उघडून ठेवलंय. तुम्ही आपले खिडक्या वाजवत बसता."

"मला शेजारपाजार आवडतो बाई," लांबर्ट म्हणायचा आणि शेडकडे निघायचा.

तिचा हिशेब साधा होता. मागणं देवाकडे, तेही ख्रिस्ताच्या नावानं. मेलेल्यांकडे काही मागायचं नाही आणि मेलेल्यांसाठीही काही मागायचं नाही. माणूस गेला की तो देवाच्या हातात गेला. मागे राहिलेल्यांनी तोंड मिटावं. जिवंतपणी एकमेकांसाठी हवी तेवढी प्रार्थना करा, कोण अडवतंय?

याच हिशेबापायी शेजारची त्रूस तुटली. फेनाचं मूल गेलं त्या आठवड्यात त्रूसनं तिच्या उशीखाली, बाळंतिणींना सांभाळणाऱ्या एका संताचं पदक गुपचूप ठेवलं. पलंग आवरताना ते फेनाला सापडलं आणि तिनं ते दाराबाहेर राखेच्या बादलीत टाकलं. "माझ्या दुःखात तुझे संत आणू नकोस," असं ती त्रूसच्या तोंडावर म्हणाली. त्रूसनं राखेत हात घालून पदक काढलं, एप्रनला पुसलं आणि निघून गेली. त्यानंतर एकतीस वर्षं कुंपणावरून नमस्कार चालू होते, पण त्रूसनं फेनाचा उंबरा ओलांडला नाही.

आता त्या गावची एक रीत. कॅथलिक घरात माणूस जायला लागला की अगदी जवळच्या शेजाऱ्यानं उशाशी बसून संतांची नामावळी म्हणायची. एकेक नाव त्यानं घ्यायचं आणि प्रत्येक नावाला घरच्यांनी उत्तर द्यायचं, "ह्याच्यासाठी विनंती कर." लांबर्टचा आवाज चांगला होता. तीसेक घरांत त्यानं ही नामावळी म्हटली होती, आणि त्या घरांतून लोकांनी रडत का होईना, उत्तरं दिली होती.

सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात त्याची छाती भरली. गिरणीतला कापूस चाळीस वर्षं फुप्फुसात साठलेला. डॉक्टरनं नुसते खांदे उडवले. सकाळी फादर येऊन अखेरच्या संस्काराचं तेल लावून गेले, त्यांना पुढच्या गावी दुसरं एक मरण होतं. दुपारी तीनच्या सुमारास लांबर्टनं डोळे उघडले.

"पवित्र मरिया," तो म्हणाला आणि थांबला.

फेनानं पाणी पुढे केलं. त्यानं मान हलवली.

"पवित्र मरिया," तो पुन्हा म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. उशाशी बसायला शेजारी नव्हता, म्हणून शेजाऱ्याचं काम तो स्वतःच करत होता. घरच्यांत ती एकटीच होती आणि तो उत्तराची वाट बघत होता.

तिच्याजवळ जे खरं होतं ते तिनं दिलं. "प्रभू, ह्याच्यावर दया कर."

गिरणीत धागा तुटला की मागे जाऊन जोडतात, तसा लांबर्ट पुन्हा पहिल्या नावावर गेला. "पवित्र मरिया."

"प्रभू, दया कर."

"असं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पवित्र मरिया."

असं चार वेळा झालं. एका नावाला त्याचा सगळा श्वास लागत होता आणि पुढचं नाव येतच नव्हतं.

"लांबर्ट, मला नाही रे जमत," ती रडकुंडीला आली. "ती ऐकते असं मला वाटतच नाही. मी म्हटलं तर ते खोटं होईल. देवाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाबरोबर मी खोटं पाठवू का?"

"नुसतं म्हण."

"नुसतं म्हणणं मला कधी आलंय का?"

तरी तिनं प्रयत्न केला. "ह्याच्यासाठी" इथपर्यंत ती आली आणि तिची जीभ अडली. जिच्याशी बोलायचं ती त्या खोलीत आहे असं तिला वाटेना, आणि जो आहे असं वाटत होतं त्याच्यासमोर नाटक करवेना. तिला स्वतःची चीड आली. छत्तीस वर्षं ज्या खरेपणाचा तिनं तोरा मिरवला, तो आज कुणाच्याच कामाचा नव्हता.

ती तशीच, डोक्याला रुमालही न बांधता, कुंपणापलीकडे धावली. त्रूस मागच्या अंगणात कोबी काढत होती.

"त्रूस, नामावळी म्हणायचीय."

त्रूसनं सुरी खाली ठेवली. "मी येऊ? घरात?"

"ये."

"नंतर राखेत नाही ना टाकणार मला?"

"त्याचा श्वास संपत चाललाय गं!"

त्रूस आली ती थेट पलंगाजवळच्या फेनाच्या खुर्चीत बसली आणि तिनं लांबर्टचा हात हातात घेतला.

"पवित्र मरिया," लांबर्ट म्हणाला.

"ह्याच्यासाठी विनंती कर," त्रूस म्हणाली.

आणि धागा लागला. योहान, योसेफ, पेत्र, पौल; नाव गेलं की उत्तर येत होतं, उत्तर आलं की पुढचं नाव. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. फेना चुलीजवळ उभी होती. तिनं कॉफीची किटली उचलली आणि परत ठेवली, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. स्पष्टच सांगतो, तिला त्रूसचा हेवा वाटला, जळजळीत हेवा. आपला नवरा आपल्याच घरात आपल्यावाचून जातोय हे ती बघत होती, आणि त्याला तसं शांत जाता यावं म्हणून तिनंच जाऊन त्या बाईला आणलं होतं.

नावं संपली. त्रूसनं क्रूसाची खूण केली. मग त्याच सुरात, तितक्याच संथपणे, लांबर्ट म्हणाला, "फेना."

"ह्याच्यासाठी विनंती कर," त्रूस सवयीनं बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

फेना चुलीपासून पलंगाशी आली आणि गुडघे टेकून बसली. हे तिला करता येत होतं! जिवंत माणूस जिवंत माणसाला सांगत होता, माझ्यासाठी माग. तिच्या देवळात याला कुणाचीच हरकत नव्हती. तिनं त्याचा दुसरा हात धरला आणि डोळे मिटले. पण मागायचं काय? बरा कर म्हणणं खोटं होतं. लवकर ने म्हणणंही खोटं होतं, कारण त्यानं जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ती तिच्या स्वभावाप्रमाणे एक खरं वाक्य शोधत राहिली, आणि शेवटी ते तिला सापडलं. 'प्रभू, हा माझा फार लाडका आहे, ह्याला जवळ घे.'

ते म्हणायला तिनं डोळे उघडले तेव्हा त्रूस लांबर्टच्या पापण्या मिटत होती.

"गेला गं," त्रूस म्हणाली. मग फेनाच्या अर्धवट उघडलेल्या ओठांकडे बघून हळूच म्हणाली, "म्हण ना. काय म्हणायचं होतं ते म्हण. अजून पोचतं."

फेनानं त्याच्याकडे पाहिलं. वाक्य सगळं तोंडाशी आलेलं होतं.

"आता नाही मागता येत, त्रूस," ती म्हणाली.