बिस्किटातलं जायफळ

आमच्या बीगल कुत्र्याच्या खाण्याच्या बाबतीत मी पक्की भित्री आहे. वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी त्याची बाजारची बिस्किटं बंद केली, तेव्हापासून मी घरीच भाजते. नाचणीचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, एक अंडं, संपलं. तरी ट्रे ओव्हनमध्ये सरकवताना मनात पाल चुकचुकतेच. कुत्र्यांना काय चालत नाही याबद्दल मी इतकं वाचून ठेवलंय की स्वयंपाकघरात मला विषाशिवाय काही दिसत नाही.

नवऱ्याची बदली चंडीगडला झाली, त्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. आधी तिने कुत्र्याला चार हात लांब ठेवलं. मग त्याने तिला कसं पटवलं कोण जाणे, आठवड्याभरात तो तिच्या शालीवर झोपायला लागला.

एका दुपारी बिस्किटांचं पीठ मळून, झाकून, मी नवऱ्याला विमानतळावर सोडायला गेले. येताना झिरकपूरला ट्रॅफिकमध्ये अडकले. घरी पोचून दार उघडलं तर घरभर पुरणपोळीचा वास. मी तशीच स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर किसणी आणि तिच्याशेजारी अर्धं जायफळ. कुत्र्यांना जायफळ म्हणजे विषच.

"तुला उशीर होतोय म्हटलं, मीच भाजली," आई म्हणाली. "बिचारं रोज अळणी खातंय. थोडा गूळ घातला."

"आणि जायफळ किती?"

"अगं, पुरणाला घालते तेवढंच. अर्धं. गूळ आला म्हणजे जायफळ आलंच की."

निम्म्याहून जास्त ट्रे रिकामा होता. त्याने मागितलं तसं ती देत गेली होती. तो कोपऱ्यात उभा होता, भिंतीकडे बघत. हाक मारली तर शेपटी हलली नाही.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम जी, घर पे उल्टी मत कराना, कुछ पिलाना भी मत," ते म्हणाले. "बस ले आओ."

आई त्याला मांडीवर घेऊन मागे बसली. चंडीगडचे हे गोल चौक एरवी मला आवडतात. त्या दिवशी प्रत्येक चौकात गाडी थांबली की मी आरशात बघायची. आईचा हात त्याच्या छातीवर होता. "लई जोरात उडतंय गं," ती एकदाच म्हणाली. तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते, आणि तो जाणार याची माझी तर खात्रीच झाली होती.

तो गेला नाही. सलाइन लावलं, औषधं दिली, आणि रात्री उशिरा डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं. घरी झोकांड्या देत भांड्याशी जाऊन तो पाणी प्यायला, तेव्हा मला रडू फुटलं. आई देवाला हात जोडून नुसती बसली होती.

सकाळी उठले तर ती शेगडीपाशी उभी. आमटीची फोडणी तडतडत होती. आमटी आमच्यासाठीच होती, माणसांसाठी.

"हिंग घालू का गं?" तिने विचारलं.

"घाल की, आई. विचारतेस काय?"

तिने डबी उघडली नाही. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूच घाल."