काळ्या रंगाखालच्या दोन रेघा

माझ्या अठरा वर्षांच्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, वळणावर कटकट वाजे; नवीन कुठीच भेटत नव्हता. मागच्या हप्त्यात मूल गावच्या दिलीपभाऊ मेकॅनिकनं "नागपूरहून नवीन आणला" म्हणून बसवून देला.

आज वळणावर पुन्हा तोच कटकट आवाज. वाकून शाफ्ट पुसला, तर काळा रंग फडक्याले लागला. खाली ब्लेडच्या दोन रेघा. त्या मीच मारल्या होत्या, एकदा गाडी चंद्रपूरले सर्व्हिसिंगले देताना. म्हणजे माझाच जुना शाफ्ट रंगवून परत बसवला.

"शहरात पार्ट बदलतेत, खूण करून ठेव," हे मले दिलीपभाऊनंच शिकवलं होतं.

फोन केला. म्हणे, "पार्ट भेटलाच नाई गा. तुले नाई म्हणाची हिंमत नाई झाली."

शाफ्ट कुठी भेटते, कोणाले माहीत असेल तर सांगा. बसवून देणाराही सांगा. अठरा वर्षांत मी दुसरा मेकॅनिक शोधलाच नाई.