चवीची वही

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येईल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढं जे थोडं लिहायला आलं ते जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत खिचडी शिजवताना आलं, आणि ते टप्पा सरांनी शिकवलं.

मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं खिचडीची चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. दुसरे सर असते तर एक घास घेतला असता. टप्पा सर ताट भरून चव घ्यायचे. बोरीहून सकाळच्या बसनं उपाशीच यायचे. ताट पुसून खायचे आणि लिहायचे, 'चव चांगली'. एकदा माझ्याकडून मीठ दोनदा पडलं. सर दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "मावशी, पोरांसाठी अजून तांदूळ टाका. वहीत मी चांगलीच लिहितो." तारीख माझ्याकडून लिहून घ्यायचे, शेजारी त्यांची सही.

ही वही त्यांच्याच गळ्यात होती, कारण त्यांना पगार नव्हता. त्यांची तुकडी विनाअनुदानित. त्याच शाळेत, तसाच फळा, तेवढेच तास, आणि बाकीचे सर महिन्याला पगार घेऊन वर यांनाच सांगायचे, "टप्पा सर, तेवढं झेरॉक्स आणा जाऊन." सरकारचं अनुदान टप्प्याटप्प्यानं मिळतं. "यंदा टप्पा पडायलाय," असं सर दर जूनला म्हणायचे, म्हणून हे नाव. हॉटेलवाला विचारायचा, "सर, चहा आत्ता घेता का टप्पा पडल्यावर?" सरही हसायचे. मला ते हसणं सहन होत नव्हतं.

आम्ही उसाला जायचो तेव्हा मुकादम आधी उचल द्यायचा, मगच आम्ही कोयता धरायचो. या शिकलेल्या माणसानं कामाला लागायला उलट संस्थेच्या अध्यक्षालाच उचल दिली होती. वडिलांचं दोन एकर रान विकून सहा लाख. एका दिवाळीत सर स्वतः ऊस तोडायला गेले. फडात त्यांच्याच वर्गातली पोरगी भेटली. "मोळी कशी बांधायची ते तिनं शिकवलं, लय हुशार हाय," हे मला कौतुकानं सांगत होते! मी चुलीत लाकूड ढकललं.

अकराव्या वर्षी अध्यक्ष स्वयंपाकाच्या खोलीत आला. "बाई, त्या जुन्या वह्या चुलीत घाल. उंदरं व्हायलेत." मी मोठ्या माणसांपुढं बोलत नाही. मान हलवली. पण त्यात माझं अक्षर होतं, ते जाळवेना. सगळ्या वह्या घरी ज्वारीच्या कोठीत ठेवल्या.

पंधरा दिवसांनी अनुदानातून पगार मिळणाऱ्या शिक्षकांची यादी लागली. सरांच्या जागेवर अध्यक्षाच्या पुतण्याचं नाव. सर चुलीपाशी येऊन उभे राहिले. "टप्पा पडला, मावशी. पण ते म्हणायलेत, मी या शाळेत कधी नव्हतोच."

"मग अकरा वर्षं चव कोण घेतलं? भूत?" मी जन्मात इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वह्यांचं गाठोडं घेऊन आम्ही दोघं अध्यक्षाच्या बंगल्यावर गेलो. त्यानं एक वही उघडली, दुसरी उघडली. रोजची तारीख, रोजची सही. त्याचा आवाज खाली आला. "सर, उगं कोर्टकचेरी कशाला? तुमचे सहा लाख परत घ्या, वह्या इथंच ठेवा."

मी सरांना ओसरीत ओढलं. "देऊ नका."

"मावशी, भांडायला बी पैसा लागतो. पोरीची फीस भरायची हाय."

पगारी सर यादी बघून गप्प बसले, त्यांचा मला राग आहे. अध्यक्षाचा तर मरेपर्यंत राहील. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त राग या भल्या माणसाचा आला. आता ते जिंतूरला शिकवण्या घेतात म्हणे. माझ्या चुलीकडं परत आले नाहीत.

त्या दिवशी अध्यक्षानं पैशांची पावती मागितली. सरांनी नोटा मोजल्या आणि 'चव चांगली' लिहायचे त्याच सुंदर अक्षरात लिहून दिलं. अकरा वर्षांच्या पगाराचा त्यात शब्द नव्हता. एवढंच होतं, 'दिलेले सहा लाख रुपये पूर्ण परत मिळाले.'